चौकोन, गोल

तझीन मॅडमनी कोरा कागद आडवा धरला.
आडवा कागद म्हटलं की मला पत्रिकाच दिसते.
काळाचौकीच्या प्रेसमध्ये नऊ वर्षं प्रूफं वाचतेय,
चि., चि. सौ. कां., आमचे येथे श्रीकृपेकरून.
ही पत्रिका वेगळी.
पुरुष म्हणजे चौकोन, बाई म्हणजे गोल,
दोघांमधली रेघ म्हणजे लग्न,
तिच्यातून खाली लोंबते ती रेघ म्हणजे मूल.
आमच्या रेघेखालचा गोल त्यांनी पेन्सिलीनं भरला, गर्द.
त्याला नाव नव्हतं अजून.
फाईलवर होतं तेच: बेबी ऑफ शैलजा.

मग प्रश्न.
सुरुवातीला ताप आला होता? अंगावर पुरळ?
फिटच्या गोळ्या? मुरुमांच्या? साखर?
नात्यात लग्न? तंबाखू, दारू?
मी नाही, नाही म्हणत गेले
आणि कामाच्या जागी कसला वास, इथं अडखळले.
थिनर.
स्क्रीन पुसायचा थिनर, डबा माझ्या टेबलाखालीच असतो.
त्यांनी लिहून घेतलं. मान हलवली नाही,
चेहराही नाही. त्याचीच मला भीती वाटली.

हृदय सहाव्या-सातव्या आठवड्यात घडत असतं, म्हणाल्या.
घरी येऊन मी कॅलेंडर मागे उलटलं.
त्या आठवड्यात मी पाटणकरांच्या मुंजीची पत्रिका वाचत होते,
"उपनयन"मधला न सुटला होता, तो पकडला,
दाढ दुखली म्हणून दोन गोळ्या घेतल्या,
आणि पाळी लांबली ती दगदगीनं, असं प्रल्हादला सांगितलं.
इतकं सगळं माझ्या आत चाललेलं
आणि मला कळवलं नाही कुणी.

सासूबाईंचं उत्तर तयार होतं:
ग्रहणात दुधी चिरलास.

तीन आठवड्यांनी रिपोर्ट.
बावीस नंबरच्या गुणसूत्राचा एक तुकडा नाही.
"गळलाय?" मी विचारलं.
"तसंच म्हणा," त्या म्हणाल्या.
म्हणून पडद्याला भोक, म्हणून फुफ्फुसाची वाट अरुंद,
म्हणून रडता रडता तिचे ओठ जांभळे.
मग आम्हा दोघांचं रक्त.
माझ्यात चूक सापडली नाही.
त्याच्यात सापडली, त्याच जागी, तेवढीच.

"लहानपणी दूध नाकातून यायचं का हो?" मॅडमनी हळूच विचारलं.
"यायचं," प्रल्हाद हसला, नाकातून.
शाळेत त्याला सनई म्हणायचे.
याच आवाजावर, फोनवर,
चारशे व्हिजिटिंग कार्डांची ऑर्डर घेताना
मी भाळले होते.

खोटं कशाला बोलू, मला आधी हलकंच वाटलं.
थिनर नाही, दाढ नाही, दुधी नाही.
मग त्याच्याकडे पाहिलं.
तो स्वतःचे तळवे उलटेपालटे करून बघत होता,
तिथं काही छापलेलं असावं तसं.
मॅडम म्हणाल्या, यात कुणाचा दोष नसतो.
म्हणाल्या, पुढच्या खेपेला शक्यता निम्मी.
आणि मग त्याच्या चौकोनात पेन्सिल फिरवली.
वरच्या दोघांत, त्याच्या आईत आणि गेलेल्या वडिलांत,
नुसती प्रश्नचिन्हं.

परळहून चालतच निघालो. भारतमातापर्यंत तो बोलला नाही.
मग म्हणाला, "तिलापण चिडवतील."
मी ठरवलं, घरी काही सांगायचं नाही,
दुधी माझ्याच नावावर राहू दे.

पण त्यानं चपला काढायच्या आधीच सांगून टाकलं,
"आई, ते माझ्याकडून आलंय."
सासूबाई भाजी निवडत होत्या. निवडतच राहिल्या.
"आणि तुझ्याकडे कुठून?"
कुणी उत्तर दिलं नाही.
एक जुडी संपली. त्यांनी हात पदराला पुसले,
पाळण्यापाशी आल्या.
"निळी पडली की गुडघे छातीशी धरायचे, म्हणालीस ना?
कसे? मला परत दाखव."